फायरवॉल वाचायला शिका: जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये वर्षानुसार आणि पर्यायांनुसार बदलणारी भोके

जुनी स्पोर्ट्‌स कार पुन्हा उभी करताना इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग यांची चर्चा भरपूर होते. इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या भिंतीकडे, म्हणजे फायरवॉलकडे, मात्र ती गंजल्यावर किंवा तडकल्यावरच लक्ष जाते. मग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची फायरवॉल शोधून आणली जाते, जागेवर धरून पाहिली जाते, कडा तंतोतंत जुळतात आणि अवघड काम संपले असे वाटते. पेडल बसवायची वेळ येते तेव्हा क्लचचा दांडा जिथून बाहेर पडायला हवा तिथे सलग भिंत दिसते, कारण जिची फायरवॉल आणली ती गाडी ऑटोमॅटिक होती. बाह्य आकार वर्षानुवर्षे तोच राहतो, बदलत राहतात ती त्यावरची भोके, उठाव आणि खाचा. आणि जुळणी अडते ती नेमकी तिथेच.

ही फसगत टाळण्यासाठी एक नियम मी कसोशीने पाळतो. फायरवॉलवर विनाकारण असे एकही भोक नसते, म्हणून जे भोक दिसते त्याचे कारण कळेपर्यंत ते बुजवू नये, आणि जे दिसत नाही ते का नाही हे कळेपर्यंत नवे पाडू नये. पुढची सर्व कृती या नियमातूनच निघते. ब्रिटिश गाड्यांच्या कार्यशाळा-पुस्तिकांत याच भिंतीला बल्कहेड म्हणतात, त्यामुळे सुटे भाग शोधताना दोन्ही शब्द लक्षात ठेवावेत.

भोके का बदलतात

फायरवॉलमधून जाणाऱ्या गोष्टी एकदा मोजून पाहाव्यात: स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लच यांची जोडणी, ॲक्सिलरेटर, वायरिंगचा मुख्य जुडगा, स्पीडोमीटरची केबल, हीटरचे दोन होज, बहुतेक गाड्यांत वायपरची मोटर, आणि काहींत तेलाच्या दाबाची बारीक नळी. यांपैकी कोणतीही वस्तू बदलली, सरकली किंवा वगळली गेली की कारखान्यात फायरवॉल बदलावी लागे. हे बदल चार कारणांनी होत: कायदा, ग्राहकाने निवडलेले पर्याय, स्टिअरिंगची बाजू आणि इंजिनाचा प्रकार.

कायद्याचा परिणाम सर्वांत ठळक आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून मोटारींसाठी केंद्रीय सुरक्षा मानके लागू झाली आणि दोन स्वतंत्र सर्किटचे ब्रेक व अपघातात आत दबणारा स्टिअरिंग कॉलम या गोष्टी सार्वत्रिक झाल्या. शेव्हरोलेने कॉर्व्हेट या फायबरग्लासच्या अमेरिकी स्पोर्ट्‌स कारला दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलाच्या जोराने ब्रेकचा द्रव नळ्यांत ढकलणारा भाग) १९६७ च्या मॉडेलमध्येच दिला, त्यामुळे बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या १९६६ आणि १९६७ च्या गाड्यांत ब्रेकच्या नळ्यांची मांडणी वेगळी आहे. एम.जी.बी. या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची गोष्ट आणखी बोधक आहे. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना १९६८ च्या मॉडेलपासून दुहेरी सर्किट मिळाले. त्याच वेळी, त्याच कारखान्यात, ब्रिटनसाठी तयार होणाऱ्या गाड्या पुढे कित्येक वर्षे एकेरी सर्किटवरच राहिल्या. म्हणून केवळ वर्ष विचारून भागत नाही. गाडी कोणत्या बाजारपेठेसाठी तयार झाली होती, हे विचारावे लागते. अमेरिकेसाठीच्या त्याच एम.जी.बी.ला काचेचा पुरेसा भाग पुसला जावा म्हणून दोनऐवजी तीन वायपर आले आणि काचेखालच्या पट्टीत एक भोक वाढले.

येथे मॉडेल-वर्षाबद्दल सांगायला हवे. अमेरिकी गाड्यांचे मॉडेल-वर्ष आदल्या वर्षाच्या शरदात सुरू होई, तर ब्रिटिश कारखाने बदल बऱ्याचदा वर्षाच्या मध्येच, एका विशिष्ट चासी क्रमांकापासून करत. त्यामुळे नोंदणीच्या कागदावरचे साल हा कच्चा पुरावा आहे. सुट्या भागांच्या यादीत बदल चासी क्रमांकानुसार दिलेले असतात. आपल्या गाडीचा क्रमांक हाताशी ठेवूनच ती यादी उघडावी.

पुसण्याआधी नोंद करा

पहिली चूक बहुधा उत्साहात होते. गाडी आली की इंजिनाची जागा धुतली जाते, जुना काळा लेप खरवडला जातो, आणि त्याबरोबर निम्मा पुरावा वाहून जातो. इंजिन काढल्यावर, काहीही साफ करण्यापूर्वी, दोन्ही बाजूंनी समोरून, भिंतीला काटकोनात छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी दिसेल अशी ठेवावी. त्यानंतर आतून डॅशबोर्ड, गालिचा आणि आवाज अडवणारे जाड अस्तर काढावे. त्या काळातल्या उष्णतारोधक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ते कोरडे ओढू नये, पाण्याने भिजवून, योग्य मुखवटा लावून काढावे, आणि शंका असल्यास तपासणी होईपर्यंत त्याला हात लावू नये. अस्तर फेकू मात्र नये. मूळ अस्तराला पडलेली भोके त्या गाडीत प्रत्यक्ष वापरात असलेली भोके दाखवतात. भिंतीला भोक आहे आणि अस्तराला नाही, अशी जागा दिसली की ते भोक नंतरचे असण्याची शक्यता दाट असते.

यानंतर कागदी साचा करावा, आणि याला पर्याय नाही असे माझे स्पष्ट मत आहे. जाड तपकिरी कागद इंजिनाच्या बाजूने भिंतीवर चिकटपट्टीने ताणून लावावा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासावी. भोकांच्या कडा, बोल्टच्या जागा आणि दाबून काढलेले उठाव कागदावर आपोआप उमटतात. साच्यावर दोन आधाररेषा काढाव्यात: एक गाडीची मध्यरेषा आणि दुसरी स्टिअरिंग कॉलमच्या भोकाच्या केंद्रातून जाणारी आडवी रेषा. प्रत्येक भोकाचे केंद्र या दोन रेषांपासून मिलिमीटरमध्ये मोजून लिहावे, व्यास लिहावा, आणि शेजारी त्यातून काय जाते ते लिहावे. जिथे काही जात नाही तिथे प्रश्नचिन्ह करावे. काम संपेपर्यंत ही प्रश्नचिन्हे एकेक करून सोडवायची असतात.

कारखान्याचे भोक आणि नंतरचे भोक यांतला फरक बहुतेक वेळा डोळ्यांनीच कळतो. पोलादी भिंतीत कारखान्याचे भोक डायने पाडलेले असते: कड एकसारखी, बऱ्याचदा भोवती किंचित उठावाचे कडे किंवा आत वळवलेली कड, आणि कडेच्या जाडीवरही मूळ प्रायमर व रंग. हाताने पाडलेल्या भोकाची कड उघडी असते, गंज आधी तिथून सुरू होतो, आणि ड्रिल बाहेर पडलेल्या बाजूला धातूची बारीक कोर बोटाला लागते. फायबरग्लासमध्ये फरक आणखी स्पष्ट दिसतो. कॉर्व्हेटचे मूळ पॅनेल साच्यात दाबून केलेले असल्याने दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी गुळगुळीत असते. नंतर हाताने लावलेल्या थिगळाला आतल्या बाजूने विणलेल्या काचकापडाची ताणा-बाण्याची नक्षी दिसते, आणि साध्या ड्रिलने घाईत पाडलेल्या भोकाभोवती पांढुरके, फुटलेले धागे दिसतात.

बुजवलेले भोक शोधण्यासाठी टॉर्च समोरून मारू नये. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, प्रकाश पृष्ठभागावरून सरकत जाईल असा धरावा. मी प्रथम असे केले तेव्हा ब्रेक बूस्टरच्या (ब्रेक दाबायला पायाला मदत करणाऱ्या डब्याच्या) शेजारी, कित्येक वेळा नजरेखालून गेलेल्या जागी, तळहाताएवढ्या वर्तुळाची एक मंद सावली उमटली. बोटाने दाबून पाहिल्यावर जाणवले काहीच नाही, पण नखाने वाजवल्यावर त्या वर्तुळातला आवाज आजूबाजूपेक्षा बद्द होता. आतल्या बाजूने अस्तराखाली काचकापडाचा चौकोन निघाला आणि मॅन्युअल म्हणून विकलेल्या गाडीत कोणी काय काय अदलाबदल केली होती, त्याचा धागा तिथून हाती लागला.

पेडलांच्या बाजूची तपासणी

साचा तयार झाला की वाचनाला पेडलांच्या बाजूने सुरुवात करावी, कारण तिथल्या चुकीशी जीव बांधलेला असतो. १९६३ ते १९६७ च्या आणि त्यानंतरच्या, १९६८ पासून १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेट पिढीत मॅन्युअल गाडीचा क्लच यांत्रिक आहे: पेडलाचा दांडा रबरी आवरणातून फायरवॉलपार जातो आणि इंजिनाशेजारच्या आडव्या शाफ्टला फिरवतो. ऑटोमॅटिक गाडीला या दांड्याची गरज नाही. याउलट एम.जी.बी. किंवा जॅग्वारच्या ई-टाइपमध्ये क्लच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, असल्याने तिथे स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि त्याची नळी शोधायची असते. ऑटोमॅटिकची मॅन्युअल करणाऱ्याने दांड्याचे भोक अंदाजाने पाडू नये. दांडा पेडल दाबताना सरळ रेषेत न जाता कमानीत फिरतो, त्यामुळे गोल आणि अचूक मापाचे भोक वर किंवा खाली घासू लागते. योग्य वर्षाच्या मॅन्युअल गाडीचा साचा मिळवून तो आपल्या आधाररेषांवर ठेवावा, आधी पेडल व शाफ्ट तात्पुरते बसवावेत, आणि मगच खूण करावी.

ब्रेकबाबत पहिला प्रश्न असा की गाडी साध्या ब्रेकची आहे की बूस्टरची. साध्या ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडर थेट फायरवॉलवर असतो. बूस्टर असल्यास बोल्टची मांडणी आणि मधले भोक बदलते. येथे भिंतीइतकेच पेडलाकडेही पाहावे लागते. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या पेडलांना बऱ्याचदा दांडा जोडण्यासाठी दोन भोके असतात: वरचे साध्या ब्रेकसाठी आणि खालचे बूस्टरसाठी. पेडल वरून लटकते, त्यामुळे दांडा टेकूच्या जितका जवळ तितका पायाचा जोर अधिक पटीने वाढतो. बूस्टर मदतीला नसेल तेव्हा हा वाढीव जोर हवाच. बूस्टर काढून टाकला आणि दांडा खालच्याच भोकात राहिला, तर गाडी चालते, ब्रेकही लागतात, पण त्यासाठी पाय जिवाच्या आकांताने दाबावा लागतो. फायरवॉलवर बूस्टरचे बोल्ट आणि पेडलावर झिजलेले वरचे भोक अशी विसंगती दिसली, तर अदलाबदल झाली आहे हे नक्की समजावे.

ई-टाइपमध्ये हाच बदल दुसऱ्या पद्धतीने झाला. १९६१ पासूनच्या ३.८ लिटर गाड्यांत भात्याच्या आकाराचा सर्व्हो (ब्रिटिश गाड्यांत बूस्टरचे नाव) पेडलाच्या जोडणीवर काम करत असे. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे मॉडेल आले तेव्हा तो जाऊन पेडलापासून दूर बसणारा सर्व्हो आला. ३.८ ची बल्कहेड ४.२ ला वापरायची असेल तर केवळ आधाराचा कंस (ब्रॅकेट) हलवून भागत नाही. सर्व्होची जागा, निर्वात (व्हॅक्यूम) नळी आणि द्रव-नळ्या यांचा मार्ग नव्याने आखावा लागतो. याच गाडीत आणखी एक सावधगिरी अनिवार्य आहे. इंजिन आणि पुढची चाके ज्या नळीच्या चौकटींवर उभी असतात, त्या चौकटी बोल्टने थेट बल्कहेडला जोडलेल्या असतात. त्या बोल्टच्या आसपास नवे भोक पाडणे किंवा गंजलेल्या पत्र्यावर पातळ थिगळ लावणे म्हणजे गाडीचा कणाच कमजोर करणे होय. तेथील काम जिगवर, म्हणजे भाग जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीवर, मापे पक्की धरून करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

स्टिअरिंगची बाजू हा विषय तुलनेने सोपा आहे. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांच्या बल्कहेडवर डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना पेडलपेटीची जागा दिसते आणि न वापरलेली बाजू झाकणपट्टीने बंद केलेली असते. ती पट्टी फालतू समजून वेल्ड करून टाकू नये.

हीटर आणि एअर कंडिशनिंग

फायरवॉल आणायची असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न एअर कंडिशनिंगचा विचारावा. कॉर्व्हेटमध्ये ते प्रथम १९६३ मध्ये पर्याय म्हणून आले, आणि त्या वर्षीच्या २१,५१३ गाड्यांपैकी केवळ २७८ गाड्यांनी ते घेतले. नुसता हीटर असलेल्या गाडीत प्रवाशाच्या बाजूला पंख्याची लहान पेटी आणि दोन होज एवढाच पसारा असतो. एअर कंडिशनिंग असलेल्या गाडीत इंजिनाच्या बाजूला इव्हॅपोरेटरची, म्हणजे हवा थंड करणाऱ्या भागाची, मोठी पेटी बसते आणि तिच्या मागचे भिंतीचे उघडे तोंड वेगळ्या आकाराचे असते. पुढच्या पिढीतही हा भेद कायम राहिला. म्हणून "त्याच वर्षाची, चांगल्या स्थितीतली" असे वर्णन अपुरे आहे. त्या उघड्या तोंडाचे मोजपट्टीसह छायाचित्र मागितल्याशिवाय व्यवहार करू नये. हीटरही नको असे सांगून घेतलेल्या थोड्या गाड्या होत्या, त्यांच्या बाबतीत तिसराच नमुना समोर येतो. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या एम.जी.बी.ला हीटर हा वेगळे पैसे देऊन घ्यायचा पर्याय होता, हेही येथे आठवावे.

मूळ गाडीत एअर कंडिशनिंग होते का, हे कागदावरून ठरवणे कॉर्व्हेटमध्ये अवघड जाते. १९६३ ते १९६७ च्या गाड्यांत चासी क्रमांकाची पट्टी हातमोजे-कप्प्याखालच्या आडपट्टीवर असते, पण तो क्रमांक या पर्यायाबद्दल काहीही सांगत नाही. इंजिनावरच्या शिक्क्यातील शेवटची अक्षरे इंजिन-गिअरबॉक्सची जोडी आणि काही प्रकारांत एअर कंडिशनिंगही सांगतात, मात्र इंजिन बदललेले असू शकते. १९६७ नंतरच्या काही गाड्यांत पेट्रोल टाकीच्या वर चिकटवलेला बांधणीचा कागद वाचता येण्याजोगा सापडतो. टाकी उतरवायची वेळ आलीच तर तो जपून पाहावा. बाकी सगळ्या प्रसंगी फायरवॉल हाच सर्वांत भरवशाचा साक्षीदार ठरतो, कारण इंजिन चार बोल्ट काढून बदलता येते, भिंत तशी बदलता येत नाही.

हीटरच्या गाडीत एअर कंडिशनिंग बसवायचे असेल, तर कारखान्याच्या नमुन्याप्रमाणे भिंत कापण्याच्या मी विरुद्ध आहे. हीटरच्या मूळ तोंडाचाच उपयोग करून घेणारे संच मिळतात. ते दिसायला मूळ नसले तरी उद्या कोणाला गाडी पूर्वस्थितीत आणायची झाली तर भिंत शाबूत राहते. कापलेल्या फायरवॉलला परत पहिल्यासारखे करणे शक्य असते, पण ते काम महिन्यांचे असते.

केबल, वायरी आणि नळ्या

लहान भोके वर्ष ओळखायला फार उपयोगी पडतात. कॉर्व्हेटचा टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) १९७४ पर्यंत यांत्रिक होता: डिस्ट्रिब्युटरपासून निघालेली केबल फायरवॉलमधून डॅशबोर्डपर्यंत जाई. १९७५ मध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर आले आणि त्या केबलचे काम संपले. १९६८ ते १९७१ च्या कॉर्व्हेटमध्ये एक सुंदर सोय होती: बाहेरचे दिवे लागले आहेत की नाही हे दाखवण्यासाठी काचतंतूंच्या बारीक दोऱ्या दिव्यांपासून थेट आतल्या कन्सोलपर्यंत नेलेल्या होत्या. त्या दोऱ्यांचा मार्ग मोकळा आहे का, हे त्या चार वर्षांच्या गाडीत आवर्जून पाहावे. अनभिज्ञ माणूस तुटक्या दोऱ्या पाहून त्यांना निरुपयोगी प्लास्टिक समजतो.

त्याच पिढीत पुढचे उघडझाप करणारे दिवे निर्वाताच्या दाबावर चालत, आणि १९७२ पर्यंत वायपर झाकणारे दारही तसेच उघडत असे. त्यामुळे १९६८ ते १९७२ च्या गाडीत निर्वाताच्या नळ्यांची गर्दी अधिक आहे. १९७३ मध्ये ते दार गेले आणि नळ्या कमी झाल्या. १९६३ ते १९६७ च्या गाड्यांत दिवे विजेच्या मोटरने फिरत, म्हणून तिथे या नळ्या शोधू नयेत. आणखी एक खूण म्हणजे इग्निशनची किल्ली: १९६९ मध्ये ती डॅशबोर्डवरून स्टिअरिंग कॉलमवर गेली. १९६८ च्या गाडीत नंतरचा कॉलम बसवलेला असेल तर वायरिंगची जोडणीही बदललेली आढळते, आणि विजेचे कोडे सोडवताना सर्वप्रथम हा संशय घ्यावा.

इंधनाच्या पद्धतीचा ठसाही भिंतीवर पडतो. डॅटसनच्या २४०झेड आणि २६०झेड या कार्ब्युरेटरच्या गाड्या. १९७५ च्या २८०झेडमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आले आणि नियंत्रक-पेटी प्रवासी-कक्षात बसली, म्हणजे इंजिनापासून तिच्यापर्यंत एक जाड जुडगा जाणे ओघाने आलेच. एम.जी.बी.मध्ये १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टू या दुसऱ्या आवृत्तीत सर्व गिअरना सिंक्रोमेश (गिअर सहज पाडणारी सोय) असलेला नवा गिअरबॉक्स बसावा म्हणून मधला बोगदा रुंद केला गेला. तेव्हा मार्क वनची बल्कहेड मार्क टूच्या तळाला जोडताना भोके जुळली तरी बोगद्याचे तोंड जुळत नाही.

इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाड्यांत, जसे पोर्शे ९१४ किंवा फियाट एक्स१/९, फायरवॉल बसणाऱ्यांच्या पाठीमागे असते. तिथे पेडलांचा प्रश्न नसतो, पण गिअरचे दांडे, ॲक्सिलरेटरची केबल आणि क्लचची केबल किंवा नळी मागे जातात; वाचनाची पद्धत तीच.

बुजवणे, पाडणे, बंद करणे

सर्व प्रश्नचिन्हे सुटल्यावरच हत्यार हाती घ्यावे. माझा पसंतीक्रम असा: आपलीच मूळ फायरवॉल दुरुस्त करणे सर्वांत चांगले, दुसऱ्या गाडीचा केवळ हवा तेवढा तुकडा घेऊन सांधणे त्याखालोखाल, आणि पूर्ण भिंत बदलणे अगदी नाइलाजाने. कॉर्व्हेटमध्ये तर ही भिंत आतल्या पोलादी सांगाड्याला चिकटवलेली असते. ती सोडवताना दरवाजे आणि काच यांची मापे हलू शकतात.

पोलादी भिंतीतले नंतरचे भोक बुजवताना मूळ पत्र्याच्याच जाडीची चकती कापून ती भोकात समतल बसवावी, वरून थिगळ ठेवू नये. बॅटरी आणि आल्टरनेटर सोडवावेत, दोन्ही बाजूंची अस्तरे व वायरी दूर कराव्यात, शेजारी कोरड्या पावडरचे अग्निशामक आणि एक सोबती असावा. समोरासमोरच्या बाजूंना एकेक ठिपका वेल्ड करत, मध्ये धातू थंड होऊ देत पुढे जावे. सलग वेल्ड ओढल्यास पातळ पत्रा पोट काढतो आणि तो सरळ करण्यात दिवस जातो.

फायबरग्लासमध्ये भोकावर पुट्टी भरणे ही फसवणूक आहे; उष्णता आणि थरथर यांनी ती गोळी काही महिन्यांत सुटून पडते. भोकाभोवतीचा रंग पूर्ण काढून, पॅनेलच्या जाडीच्या दहा ते बारा पट रुंदीचा उतार दोन्ही बाजूंनी घासावा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला सुमारे ३० ते ३६ मिलिमीटर. मग लहान वर्तुळापासून मोठ्या वर्तुळाकडे काचकापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून, हवेचे बुडबुडे दाबून काढत चढवावेत. सुरुवातीच्या गाड्यांना पॉलिएस्टर रेझिन चालते. पुढे वापरात आलेल्या, साच्यात दाबलेल्या मिश्र पत्र्यांवर ते नीट धरत नाही, तिथे इपॉक्सी वापरणे श्रेयस्कर. काचेची धूळ फुप्फुसात आणि कातडीत जाते, म्हणून मुखवटा, चष्मा आणि लांब बाह्या यांत तडजोड नको.

नवे भोक पाडावेच लागले तर आधी ३ मिलिमीटरचे पथदर्शी भोक पाडून पलीकडे काय निघते ते डोळ्यांनी पाहावे. अनेक गाड्यांत भिंतीच्या वरच्या भागामागे ताज्या हवेची पोकळी असते आणि पावसाचे पाणी त्यातूनच वाहून जाते. तिथे भोक पडले तर पाणी थेट पायांवर येते. रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेवर बसणारे, वायर जपणारे कडे) निवडताना भोकाच्या व्यासाइतकीच भिंतीची जाडी महत्त्वाची आहे. पत्र्यासाठी केलेल्या ग्रोमेटची खाच अरुंद असते. फायबरग्लासच्या जाड कडेवर ते बसल्यासारखे दिसते आणि पहिल्या ओढीत निसटते, मग वायरीचे आवरण कडेवर घासू लागते.

फायबरग्लास वीज वाहत नाही, ही साधी गोष्ट पोलादी गाड्यांवर हात बसलेल्या माणसाच्या ध्यानात राहत नाही. भिंतीवर बसलेली वायपर मोटर किंवा पंखा यांना अर्थिंगची स्वतंत्र पट्टी लागते. रंगकामानंतर मोटर चालेनाशी झाली तर मोटर उघडण्यापूर्वी ती पट्टी परत जोडली होती का, आणि तिच्याखाली नवा रंग आडवा येत नाही ना, एवढे पाहावे.

भिंत तयार झाली की अस्तर लावण्याच्या आधी दोन चाचण्या घ्याव्यात. रात्री इंजिनाच्या बाजूला प्रखर दिवा लावून आत बसावे आणि डोळे अंधाराला सरावल्यावर एकेक कोपरा पाहावा. टाचणीएवढ्या फटीतूनही प्रकाश दिसतो, आणि जिथून प्रकाश येतो तिथून पेट्रोलची वाफ, धूर आणि आगीची झळही येते. मग काचेखालच्या पट्टीवर पाण्याची मंद धार दहा मिनिटे सोडून आतल्या बाजूला कोरडे वर्तमानपत्र धरावे. ओल उमटलेल्या जागा साच्यावर खूण कराव्यात, बंद कराव्यात आणि दोन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात. साचा, छायाचित्रे आणि प्रत्येक भोकाचे कारण लिहिलेला कागद एकत्र करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. त्यावर आपण बुजवलेल्या आणि पाडलेल्या भोकांच्या तारखाही लिहाव्यात.